एक माळ, एक परवाना आणि बारावा हिस्सा

जानेवारी २०२३ मध्ये तो गोव्यातल्या साखळी गावातल्या माझ्या ऑफिसात आला आणि हातातली फाइल टेबलावर ठेवायच्या आधीच म्हणाला, "भाई, मी सही करणार नाही. तेवढं सांगायलाच आलोय."

मी व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो, विवरणपत्रं भरतो, परवान्यांची कागदपत्रं करून देतो. सही न करणारी माणसं मला नवीन नाहीत. बहुतेकांना सहीचे पैसे हवे असतात. याला नको होते, आणि म्हणूनच हे प्रकरण मला जवळजवळ अडीच वर्षं पुरलं. त्याच्या घरच्यांची परवानगी घेऊन लिहितोय. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव गाळलंय आणि काही तपशील थोडे बदललेत. नावांऐवजी नातीच वापरतो: थोरला (सही नाकारणारा तो हाच), धाकटा, बहीण, आई, आणि थोरल्याची बायको म्हणून वहिनी.

डिचोली तालुक्यातलं, राज्य महामार्गाला लागून असलेलं गाव. घराच्या पुढच्या भागात दुकान. डाव्या अंगाला किराणा: तांदळाची पोती, नारळ, अगरबत्त्या, मुलांसाठी गोळ्या-बिस्किटं. उजव्या अंगाला फळ्यांचा आडोसा आणि त्यामागे चार बाकं, सोड्याचे क्रेट, खारे चणे, आणि फेणीचा मोठा काचेचा बुधला, ज्याला आमच्याकडे गराफांव म्हणतात. गोव्याच्या गावांतून असं दुकान नवलाचं नाही. एकाच छपराखाली सकाळी दूध आणि संध्याकाळी क्वार्टर. वडिलांनी परवाना घेतला तो ऐंशीच्या दशकात. स्वतः कधी घोटभर घेतली नाही. बार चालवणारे बरेच जण पीत नाहीत, हा माझा धंद्यातला अनुभव.

आडोशाच्या अलीकडे, किराण्याच्या बाजूच्या भिंतीवर, एक खिळा होता. त्याबद्दल आत्ताच सांगून ठेवतो. गावात माळकरी बरेच, आणि माळकऱ्यांत अधूनमधून घसरणारेही असतात. असे दोघं-तिघं संध्याकाळी यायचे, गळ्यातली तुळशीची माळ काढून त्या खिळ्याला अडकवायचे, आडोशामागे जायचे, आणि घरी जाताना परत गळ्यात घालायचे. वडील याला हसत नसत. उलट माळ खाली पडली तर उचलून, पुसून पुन्हा टांगायचे.

थोरला आधी बारमध्ये नव्हताच. २००९ मध्ये कर्ज काढून त्यानं टिपर घेतला होता. खाणीवरून धक्क्यावर खनिज वाहायचं, दिवसाला जितक्या खेपा तितके पैसे. त्या दिवसांत डिचोली-सत्तरीत ज्याच्याकडे ट्रक नव्हता त्याला लग्नाला मुलगी मिळेना, असं गमतीनं म्हणायचे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, पाठोपाठ ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि टिपर अंगणात उभा राहिला. दीड वर्षानं तो भंगाराच्या भावात गेला. थोरला वडिलांच्या हाताखाली बारमध्ये आला.

त्या काळात तो पिऊ लागला. हे त्यानंच मला सांगितलं, लिहायलाही सांगितलं. गराफांव हाताशीच. चार वर्षं तसंच चाललं. मग गावातल्या भजनी मंडळातल्या एका म्हाताऱ्यानं त्याला हरिपाठाला नेऊन बसवलं. पुढे २०१९ च्या आषाढीला दिंडीबरोबर तो पंढरपुराला चालत गेला आणि माळ घालून परत आला. तेव्हापासून दारू नाही, मासळीही नाही. गोव्यात मासळी सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही.

माळ घातल्यावर तो आडोशाच्या अलीकडे, किराण्यात बसू लागला. वडील पलीकडे. बापलेकांत यावर एक शब्दही झाला नाही. वडील आजारी पडले की धाकटा वेर्ण्याच्या कारखान्यातून रजा काढून यायचा आणि बार सांभाळायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये वडील गेले.

सही कशाची?

परवाना ही काही जमीनजुमल्यासारखी मालमत्ता नव्हे. सरकारनं एका माणसाला दिलेली ती मुभा. तो माणूस गेला की वारसांपैकी कोणीतरी अर्ज करायचा आणि बाकीच्यांनी ना-हरकत द्यायची. परवान्याचं वर्ष मार्चअखेर संपणार होतं. धाकट्यानं अर्ज करायचं ठरवलं. आईनं अंगठा दिला, दोडामार्गला दिलेल्या बहिणीनं सही केली. राहिला थोरला.

त्याचं म्हणणं मी त्या दिवशी वहीत टिपून ठेवलं, कारण मला वाटलं होतं तसं ते नव्हतं. मला वाटलं, हा आता दारूबंदीवर भाषण देणार. तो म्हणाला, "मी कोणाला सुधारायला निघालेलो नाही. पिणारा पिणारच, मला विचारा. मला फक्त माझ्या हातानं ओतायची नाही."

मी म्हटलं, "मग ओतू नकोस. धाकटा ओतेल. तू नुसती सही कर."

"सही पण हातानंच करतात ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी धंद्यातली युक्ती सांगितली. परवाना एकाच्या नावावर आणि गल्ल्यावर दुसराच, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. म्हटलं, वहिनींच्या नावावर करून टाकू. कागदावर तू नाहीस, सहीचा प्रश्न तिच्यापुरता, घरही चालेल. तो हसला. "भाई, देव काय अबकारी खात्याचा इन्स्पेक्टर आहे, कागद बघून परत जायला?"

तो सल्ला दिल्याची मला आजही थोडी लाज वाटते. सल्ला बेकायदा होता की नव्हता तो भाग वेगळा. समोरचा माणूस काय विचारतोय ते न ऐकताच मी बोललो होतो.

मी इथं तटस्थ नाही, तेही सांगून टाकतो. मार्च-एप्रिलमध्ये हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, आला की लिंबू, चिरलेली मिरची, मीठ आणि लिम्का घालून दोन ग्लास मी घेतो. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला अभिमानच वाटला होता. दारू हे पाप, असं मला वाटत नाही. पण दुसऱ्याला वाटतं म्हणून तो वेडा, असंही वाटत नाही.

एकदा बंद झालेला बार

थोरल्याला समजवायला धाकट्यानं एक उदाहरण काढलं होतं आणि ते बिनतोड होतं. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये दिला. वीस हजारांहून कमी वस्तीच्या गावांसाठी पुढे ते अंतर २२० मीटर झालं. यांचं दुकान रस्त्यापासून वीस पावलांवर. १ एप्रिल २०१७ ला आडोशामागचा भाग बंद झाला. शहरांना त्याच वर्षी जुलैत सूट मिळाली. पंचायतींचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला, फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयानं तो राज्यांवर सोपवीपर्यंत. नंतर बार पुन्हा उघडला.

म्हणजे थोरल्याला जे हवं होतं ते एकदा आपोआप होऊन गेलं होतं, आणि त्या काळाच्या वह्या माझ्याकडे होत्या. धाकट्याच्या आग्रहानं मी त्या काढल्या. बारचं उत्पन्न शून्य, ते दिसणारच. पण किराण्याच्या उधारीचं पान बघण्यासारखं होतं. ज्यांची नावं आधी दोन्हीकडे असायची, म्हणजे क्वार्टरची उधारी वेगळी आणि तांदूळ-तेलाची वेगळी, त्यांची किराण्याची उधारी त्या वर्षात वाढली. कारण सोपं. तीन किलोमीटर आतल्या वाड्यावरच्या बारवाल्याची यांच्याशी ओळख नव्हती, तो रोख मागायचा. मग रोकड तिकडे आणि तांदूळ उधारीवर इकडे. वडील मोडक्या खुर्चीत बसून ते लिहून घ्यायचे.

"बघ," धाकटा म्हणाला. "बार बंद झाला आणि काय सुटलं? रात्री स्कूटरवरून पडले दोघं."

थोरल्यानं पान वाचलं, परत केलं. "मी म्हटलंच होतं ना, पिणारा पिणारच. मी त्यांच्याबद्दल बोलतच नाही." त्याच्या बाजूनं बघितलं तर हा मुद्दा त्याला लागूच होत नव्हता. परिणामावर ज्याची श्रद्धा उभी नाही, त्याच्यापुढे परिणामांची वही ठेवून काय उपयोग! आणि याच जागी मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा शंका आली. गाव बुडो वा तरो, माझे हात स्वच्छ, यात एक गारवा असतो. तो मला आवडत नाही.

घरची बैठक

जानेवारीच्या शेवटी एका रविवारी मला घरी बोलावलं. सोप्यावर खुर्च्या मांडलेल्या, मध्ये चहाच्या कपांचा ट्रे. आईला सकाळपासून शुगरची चक्कर, तरी येऊन बसली.

मी आकडे मांडले. बारचे महिन्याला खर्च वजा जाता ४०,००० च्या आसपास, किराण्याचे १२,०००. घराच्या कर्जाचा हप्ता १४,५००. बार नसेल तर किराण्यातून हप्तासुद्धा पुरता भागणार नाही, जेवण, औषधं आणि थोरल्याच्या मुलीची शाळा तर बाहेरच. धाकट्याची नोकरी कंत्राटी, त्याचं लग्न ठरतंय.

थोरला म्हणाला, "मी मोलमजुरी करीन."

तेव्हा आई बोलली. घरात ती कोकणीच बोलते. "तुजी माळ तुज्या गळ्यांत. म्हज्या गळ्याक फांस कित्याक?"

कोणी काही बोललं नाही. मग तिनं आणखी एक सांगितलं, ते मात्र मराठीत, बहुधा मला नीट कळावं म्हणून. थोरला पहिल्यांदा दिंडीला निघाला तेव्हा वाटखर्चाचे पैसे वडिलांनी बारच्या गल्ल्यातून काढून दिले होते. नवी छत्री, रेनकोट, पायातल्या चपला. "तेव्हा ते पैसे कुठले, विचारलंस?" आईचा राग पैशांसाठी नव्हता. नवऱ्यानं चाळीस वर्षं ज्यावर घर चालवलं ते घाण होतं, असं मुलगा ना-हरकत नाकारून सांगतोय, असं तिला वाटत होतं. थोरल्याच्या हे डोक्यातही आलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसलं.

बहीण दोडामार्गहून आली होती, तिला परतीची बस गाठायची होती. ती उठता उठता म्हणाली, "बाबांनी माझं लग्न केलं त्यात किती क्वार्टरी होत्या ते मोजायला बसू का मी आता?" आणि गेली.

गोव्याच्या कायद्यातला अपूर्णांक

इथं कायद्याचं थोडं सांगावं लागेल, कारण प्रकरण त्यानंच वळलं. गोव्यात कुटुंबाचा कायदा वेगळा. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही चालू राहिली. वारशाचा भाग आता २०१२ च्या कायद्यात आहे, जो २०१६ पासून लागू झाला. तत्त्व जुनंच. लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची सगळी मालमत्ता समाईक होते. तुम्ही कमावलेली, तिनं आणलेली, दोघांना पुढे वारशानं मिळणारीसुद्धा. एक गेला की अर्धी मालमत्ता मागे राहिलेल्याची मूळचीच असते. ती वारशात येतच नाही. उरलेल्या अर्ध्यात मुलं आणि मुली सारख्या वाट्यानं.

तेव्हा बार ज्या खोलीत चालतो ती खोली कोणाची? अर्धी आईची. उरलेल्या अर्ध्यात तिघं, म्हणजे प्रत्येकी सहावा हिस्सा. थोरल्याचा सहावा हिस्साही त्याचा एकट्याचा नाही. त्यात वहिनी निम्म्या. त्याचा स्वतःचा म्हणावा असा बारावा हिस्सा.

मी हे कागदावर काढून दाखवलं. बैठकीत एकदाही तोंड न उघडलेल्या वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आल्या, कागद हातात घेतला, वाचला. म्हणाल्या, "म्हणजे ह्यांच्यात माझं अर्धं आहे?" मी हो म्हटलं. "मग हे आपलं सोडू देत. माझं मी सोडणार नाही. मुलीला पुढे शिकवायचंय." त्यांच्या गळ्यात माळ नाही, त्या मासळी खातात, आणि नवऱ्यासाठी वेगळ्या भांड्यात डाळ करतात. तीन वर्षांत त्यावरून तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही. त्या दिवशीचा आवाज मात्र तक्रारीचाही नव्हता. हिशेब कळल्यावर माणूस बोलतो तसा होता.

थोरला त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिला. त्याच्या एका सहीवर सगळं अडलं होतं. म्हणजे बाराव्या हिश्शाचा धनी बाकी अकरा हिश्शांना कुलूप घालू शकत होता. कायद्यानं त्याला तो अधिकार नव्हता, अर्जाच्या नमुन्यानं दिला होता.

तुकोबांनी काय बुडवलं

तरी त्यानं त्या दिवशी सही केली नाही. माघी एकादशीला तो विठ्ठलापूरला गेला. साखळीजवळ कारापुरात, वाळवंटीच्या काठी विठ्ठलाचं देऊळ आहे, तिथं. एकादशीला तिकडच्या बुवांची गाठ पडते. त्यानं विचारलं, तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, मग मी एक परवाना बुडू दिला तर काय चुकलं?

हे मला त्यानंच नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी, ऑफिस उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसला होता. बुवांनी त्याला विचारलं होतं, "सगळी बुडवली का रे?" थोरला म्हणाला, सगळी. बुवा म्हणाले, "नाही. भाऊ होता ना, कान्होबा. खतांचे दोन भाग केले. कान्होबाचा भाग कान्होबाला दिला. स्वतःच्या वाट्याची तेवढी बुडवली."

ही कथा मीही लहानपणापासून ऐकत आलो. कीर्तनात कर्जखतं बुडतात तिथं टाळ्या पडतात. वाटणीपाशी कोणी थांबत नाही. परंपरेनं तो तपशील मात्र जपून ठेवलाय. देहूचा वाणी होता, हिशेब पक्का असणारच.

थोरल्यानं ना-हरकतीवर सही केली. पण अटी घालून, आणि त्या अटी लिहून काढायला मला आठवडा लागला. आडोसा काढायचा, भिंत घालायची, बारला रस्त्याकडून स्वतंत्र दार. परवाना आणि धंदा धाकट्याचा, नफा-तोटाही त्याचाच. खोली सगळ्यांची, म्हणून धाकट्यानं भाडं द्यायचं. मी १२,००० सुचवलं. आईला ६,०००, तिघांना दोन-दोन हजार. धाकट्याचे दोन हजार त्याच्याच खिशात राहणार. थोरल्याच्या दोन हजारांतले १,००० वहिनींच्या खात्यात. राहिलेले १,००० तो घेणार नाही.

मग त्या हजारांचं करायचं काय? आई म्हणाली देवळाला दे. थोरला म्हणाला, दारूच्या पैशाचं तेल देवाला नको. कोणीतरी अनाथाश्रमाचं नाव काढलं. तो म्हणाला, मला नको ते दुसऱ्याच्या ताटात का वाढू? शेवटी ठरलं की ते हजार धाकट्यानं द्यायचेच नाहीत. भाडं ११,००० आणि त्यातलं आपलं आपल्याला.

हिशेबनीस म्हणून मला यातली गंमत लपवता आली नाही. म्हटलं, "तू सोडलेस ते हजार धाकट्याला मिळाले. म्हणजे दर महिन्याला तू बारला हजार रुपयांची सूट देतोयस." तो गोरामोरा झाला. मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "बुडवलेली खतंसुद्धा कर्जदारांनाच फायद्याची झाली असतील, भाई." हे उत्तर त्याचं की बुवांचं, मी विचारलं नाही.

बोंडू, विड्या आणि सोडा

भिंत झाल्यावर संपलं असतं तर बरं. पण एकदा अशी रेघ ओढली की तिच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, हा प्रश्न रोजच उभा राहतो. धाकट्यानं पहिल्याच आठवड्यात चिडवलं, "विडी चालते वाटतं पांडुरंगाला?" थोरल्यानं विड्या-सिगारेटी काढून टाकल्या. महिन्याला दीडेक हजाराचा फटका. मग सोडा. बारची गिऱ्हाइकं सोडा किराण्यातून घेऊन पलीकडे जायची, कारण तिथं तो दोन रुपयांनी स्वस्त. सोडा काय मुलंही लिंबू घालून पितात, म्हणून तो राहिला. पण संध्याकाळी सातनंतर तो सोडा विकत नाही, असं काहीतरी त्यानं स्वतःशी ठरवलंय. मला ते हास्यास्पद वाटतं आणि त्यालाही थोडं वाटत असावं.

खरा पेच काजूचा. घरामागच्या डोंगरउतारावर काजूची झाडं आहेत. आमच्या भागात बी विकायची आणि बोंडू, म्हणजे काजूची फळं, भट्टीवाल्याला द्यायचे, ही रीत. काजूच्या पट्ट्यांचे दारू गाळण्यासाठी दर वर्षी लिलाव होतात. ज्याला पट्टा मिळतो तो हंगामात बोंडू गोळा करून नेतो, तुडवून रस काढतो, आंबवून भाणात, म्हणजे भट्टीच्या भांड्यात, चढवतो. पहिल्या धारेचा हुर्राक, तो पुन्हा गाळला की फेणी. २०२३ च्या मार्चमध्ये थोरल्यानं सांगितलं, आमचे बोंडू न्यायचे नाहीत.

मी एप्रिलमध्ये भाड्याच्या कागदावर सह्या घ्यायला गेलो तेव्हा तो मला वर घेऊन गेला. झाडांखाली पिवळ्या-लाल बोंडांचा सडा, वरून बी पिळून काढलेलं, आणि खाली सगळं आंबलेलं. माश्यांचा घोंगाट. वास इतका उग्र की भट्टीच्या दारात उभं राहिल्यासारखं वाटत होतं. गाईला घातले तर गाय डुलते, तो म्हणाला. काही दिवस सरबत करून पाहिलं, पण मणभर बोंडांचं सरबत पिणार कोण? तो त्या सड्यात चप्पल काढून उभा होता. म्हणाला, "मी नाही केली तरी होतेच ती."

पुढच्या वर्षी भट्टीवाल्याला त्यानं पुन्हा बोंडू न्यायला सांगितलं. पैसे न घेता. झाडाखालची साफसफाई म्हणून. याला कोणी घसरण म्हणेल. मला तो त्याच्या सगळ्या निर्णयांत शहाणा निर्णय वाटला.

पुढे काय झालं

चूल वेगळी झाली. हे कोणी ठरवलं नव्हतं, पण दोन हिशेब झाले की एका पातेल्यात शिजणं अवघड होतं. आई धाकट्याकडे जेवते. घराचा हप्ता धाकटा भरतो आणि ते थोरल्याला बोलून दाखवत नाही, पण त्याची बायको कधीतरी बोलते. धाकट्यानं वेर्ण्याची नोकरी सोडली, बारमध्ये मासळीचं तळण सुरू केलं, आणि वडिलांपेक्षा धंदा चांगला करतो.

थोरल्याकडे टिपरच्या दिवसांपासूनचा अवजड वाहनांचा परवाना होता. एका शाळेच्या बालरथावर त्याला चालकाची नोकरी मिळाली. सरकारी योजनेतली बस, पगार बेताचा, सुट्टीत चिंता. सकाळी मुलांना सोडून येतो, वहिनी तोवर दुकान उघडून बसलेल्या असतात. भिंत झाल्यापासून किराण्यात बायका जास्त येतात, हे वहिनींनी मला पहिल्यांदा सांगितलं आणि नंतर वहीतही दिसलं. आडोशामागून येणारे आवाज आणि नजरा गेल्या. महिन्याचे बारा हजार होते ते आता सतरा-अठरापर्यंत जातात. विड्या जाऊनसुद्धा. त्यांच्या खात्यातले हजार दर महिन्याला मुलीच्या नावे पोस्टात पडतात.

आईनं मात्र थोरल्याला माफ केलंय असं नाही. वडिलांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला तिनं गावजेवण घातलं, आपल्या भाड्याच्या सहा-सहा हजारांतून साठवून. थोरल्याला ठाऊक होतं पैसे कुठले. तो वाढायला उभा राहिला, आणि पंगत उठल्यावर जेवायलाही बसला. मी पलीकडच्या पंगतीत होतो, मुद्दाम बघत होतो. त्यानं भाताचा घास घेतला, आईकडे पाहिलं नाही. आईनं पानात आणखी वरण वाढलं.

मी अजूनही ठरवू शकलेलो नाही की त्याची किंमत मोजायची कशी. कागदावर त्यानं महिन्याला हजार रुपये सोडलेत. घरात त्यानं आईच्या हातचं रोजचं जेवण सोडलं, आणि धाकट्याच्या डोक्यावर एक हप्ता ठेवला, जो धाकट्यानं मागितला नव्हता.

भिंत घालताना गवंड्यानं विचारलं होतं, हा खिळा काढू का? नवी भिंत खिळ्याच्या पलीकडून गेली, म्हणजे खिळा किराण्याच्या बाजूला राहिला. थोरला म्हणाला, राहू दे. गेल्या मार्चमध्ये धाकट्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाचे कागद घ्यायला मी संध्याकाळी तिथं गेलो होतो. एक म्हातारा किराण्यात आला, काही न बोलता गळ्यातली माळ काढून खिळ्याला अडकवली, बाहेर पडून वळसा घालून बारच्या दारात शिरला. थोड्या वेळानं आणखी एक आला. थोरला तांदूळ मापत होता, त्यानं मान वर केली नाही.

मी विचारलं, "हे चालतं तुला?"

"बारच्या दाराला टांगण्यापेक्षा इथं बरी," तो म्हणाला. मग तागडी खाली ठेवून जरा हसला. "काही जण पिऊन परस्पर घरी जातात. परवा रात्री दुकान बंद करताना दोन उरल्या होत्या. सकाळी बालरथात घेऊन गेलो. एकाचं घर वाटेतच आहे, त्याची नात रोज गाडीत असते. दुसऱ्यासाठी जरा आत वळावं लागलं."